फ्रिजच्या तिसऱ्या पिनेविषयी

आदरणीय व्याहीबुवा यांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचं ब्लडप्रेशर आता बेतात असेल, निदान माझं हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी बेतात राहावं. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून तसं लिहितो. खरं तर इकडे तीन माणसं आहेत आणि तिघंही एकमेकांकडे न बघता जेवतात. सूनबाई तुमच्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. विश्रांतीला आले म्हणून तिने सांगितलं असेल. याहून जास्त एक अक्षर ती बोललेली नसणार याची मला खात्री आहे, कारण तशी ती पोर नाही. म्हणून जे तिने सांगितलं नाही ते मीच सांगायला बसलो आहे. सगळं आमच्या फ्रिजवरून झालं. (वाचता वाचता हसू आलं तर आवरा. शेवटपर्यंत टिकणार नाही.)

तुम्ही पंपाच्या जळक्या मोटारी वाइंड करून देणारा माणूस, तारेत जन्म गेला तुमचा. मी पडलो कचेरीतला कारकून, एकतीस वर्षं आवक-जावक बघितली. तेव्हा विजेवर मी तुम्हाला काही सांगणं म्हणजे जरा जास्तच आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्न ठरलं तेव्हा सूनबाईच्या कपाटाला जागा हवी म्हणून बोळातला फ्रिज आम्ही स्वयंपाकघरात नेला. नेला म्हणजे मी आणि चिरंजीवांनी नेला, आणि आमच्या हिने दारात उभं राहून सूचना दिल्या. तिथे भिंतीवर जुना बोर्ड, त्याला दोनच भोकं. फ्रिजच्या प्लगला पिना तीन. आता दुसरा कुणी असता तर त्याने वायरमनला बोलावलं असतं. पण मी स्वतःच्या हाताने कामं करणारा माणूस, हे तुम्हाला लग्नातच कळलं असेल (मांडवातला पंखा मीच बंद पाडला होता). वरची ती जाडी पिन कशाला असते कोण जाणे, दोन पिनांवर अख्खा रेडिओ चालतो, असा विचार करून मी करवतीचं पातं घेतलं आणि अर्ध्या तासात ती पिन कापून टाकली. प्लग बसला, फ्रिज गुरगुरला, आतला दिवा लागला. मी त्या दिवशी दुप्पट जेवलो.

लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सूनबाई मला म्हणाली, बाबा, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, अर्थिंग बघून घ्यायला हवं. अगदी हळू आवाजात म्हणाली. तुमच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मुलगी, तिला शब्द माहीत होता. मला तो वर्तमानपत्रातून माहीत होता. मी म्हणालो, नवीन जागा आहे, होतं असं. (फ्रिजला नवीन जागा, की तिला, हे मी स्पष्ट केलं नाही. मलाही स्पष्ट नव्हतं.) तरी आपण दुर्लक्ष केलं असं नको म्हणून टेस्टर आणला. दाराला लावला, दिवा लागला. हँडलला लावला, लागला. बाजूच्या पत्र्याला लावला, तिथेही लागला. सगळीकडेच लागतो म्हणजे टेस्टर बिघडलेला, असा मी निष्कर्ष काढला आणि दुसरा आणला. तोही लागला. दोन्ही एकाच दुकानातले होते, तेव्हा दुकानदारच फसवणारा, हे उघड झालं. मी त्याच्याशी भांडूनही आलो. आता त्याच्या दुकानावरून जाताना मला रस्ता ओलांडून जावं लागतं.

खरी गंमत पुढेच आहे. झटका बसायचा तो फक्त तिला. मला नाही, हिला नाही, चिरंजीवांना नाही. का, ते आता कळलं. आम्ही तिघं घरात रबरी चपला घालतो, टाचा दुखतात म्हणून. तुमची लेक अनवाणी. वर स्वयंपाकघरातली फरशी तीच पुसायची, म्हणजे पाय ओले. मी उपाय म्हणून हँडलला जुना टॉवेल गुंडाळून दिला. दोन दिवसांत सगळ्यांना तिथे हात पुसायची सवय लागली, टॉवेल कायम ओला, आणि तिच्या मुंग्या वाढल्या. एकदा चिरंजीवांनी बायकोच्या शब्दाखातर चपला काढून हात लावून पाहिला. काही म्हणता काही नाही. मग तो म्हणाला की आई म्हणते तसं असेल, आणि तू म्हणतेस तसंही असेल. (हा मुलगा माझ्यावर गेलेला नाही. मी निदान चुकीची का होईना, एक बाजू घेतो.) दोन दिवसांनी तिला पुन्हा बसला. कधी बसतो, कधी बसत नाही, आणि बसतो तो एकटीलाच. असल्या तक्रारीवर घरात कोण विश्वास ठेवणार? आमची ही म्हणायला लागली की पोरीला काम टाळायला बरं निमित्त सापडलंय. तिच्यासमोर नाही म्हणाली, पण आमच्या घराच्या भिंती तुम्ही पाहिल्या आहेत.

मग तो दिवस आला. सूनबाईने फ्रिजमधून दुधाचं भरलं पातेलं काढलं आणि दाराला कोपर लागलं. पातेलं खाली, दूध सगळ्या घरभर. तेव्हा ही म्हणाली, "आमचा फ्रिज माणसं ओळखतो वाटतं, नेमका हिलाच चावतो." आणि व्याहीबुवा, मी हसलो. बोलण्यात मजा होती म्हणून हसलो, दुसरं काही मनात नव्हतं, पण हसलो. सूनबाईने खाली बसून सगळं दूध पुसलं, फडकं धुऊन वाळत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली की चार दिवस आईकडे जाऊन येते. कुठे आदळआपट नाही, डोळ्यात पाणी नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी फरशी पुसायची पाळी हिच्यावर आली. चपला ओल्या होतील म्हणून काढून ठेवल्या, फरशी पुसली, आणि तशीच लिंबू काढायला फ्रिजपाशी गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून एक विचित्र आवाज आला. धावत गेलो तर ही फरशीवर बसलेली, एक हात दुसऱ्या हातात धरून. मी विचारलं काय झालं, तर काही बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चार महिने त्या पोरीला हे होत होतं?" व्याहीबुवा, पस्तीस वर्षांच्या संसारात हिला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

मग फ्रिजवाल्याला बोलावलं. म्हातारा, कमी बोलणारा, पिशवीतून एकेक हत्यार काढून रुमालावर मांडणारा. मी त्याला माझी मतं सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याने मला प्यायला पाणी आणायला पाठवलं. येऊन बघतो तर त्याने फ्रिज पुढे ओढून मागचं झाकण उघडलं होतं. कॉम्प्रेसरपासून वर जाणारी एक वायर पत्र्याच्या कडेवर घासून घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. म्हणून सगळ्या अंगात वीज. ते त्याने दहा मिनिटांत निस्तरलं. मग प्लग हातात घेतला आणि विचारलं की तिसरी पिन कुणी कापली. मी म्हणालो, दुकानातूनच तशी आली असावी. त्याने पिनेच्या बुंध्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा प्लगकडे बघितलं. दोनच पिना उरल्यामुळे प्लग उलटसुलट कसाही बसतो, असं त्याने सांगितलं. एका बाजूने बसवला की झटका, दुसऱ्या बाजूने बसवला की नाही म्हणण्याइतका. (आमची ही फ्रिज पुसताना प्लग काढून ठेवते आणि हाताला येईल तसा लावते. म्हणजे चिरंजीवांनी हात लावला तो नेमका चांगला दिवस होता.) ती जाडी पिन असती, मागे नीट अर्थिंगची तार असती, तर वायर पत्र्याला टेकली त्याच क्षणी फ्यूज उडाला असता आणि पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. हे सगळं तो स्क्रू पिळता पिळता सांगत होता, आणि त्याच सुरात पुढे म्हणाला की ओल्या पायांनी माणूस जागच्या जागी जातो, तुमचं नशीब बरं.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. माझ्या हाताने कापलेली पिन, आणि फ्रिजपुढे तुमची लेक, अनवाणी. डोळ्यांपुढून जात नाही ते.

असो. आता बोर्ड तीन भोकांचा आहे, अर्थिंगची तार नवीन घातली आहे, टॉवेल फेकून दिला आहे. टेस्टर लावला की लागत नाही (दोन्ही लागत नाहीत, म्हणजे दुकानदार प्रामाणिक निघाला). पण माझ्या तपासणीवर या घरात आता कुणाचा भरवसा उरलेला नाही, माझाही नाही. एखाद्या जाणत्या माणसाने येऊन एकदा बघून जावं असं वाटतं. असं एक माणूस सध्या तुमच्या घरी आहे. चिरंजीव आणायला येतो म्हणत होता, पण तो तिथे येऊन दोन्ही बाजूंनी बोलेल, म्हणून मी थांबवला आहे. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
व्याही

ता. क. पिनेचं हिला ठाऊक नाही. दुकानातूनच तसा प्लग आला असं तिला अजून वाटतं. तेव्हा भेटीत विषय निघालाच तर तुम्ही जाणकार या नात्याने मान डोलवा, एवढी कृपा करा.

आणखी एक ता. क. ज्यासाठी पत्र लिहिलं ते लिहायचं राहूनच गेलं. सूनबाईला हळूच विचारा, दूध सांडलं तेव्हा मी हसलो ते तिने ऐकलं का. माझं हसणं दोन घरं पलीकडे जातं, म्हणजे ऐकलंच असणार. तरी विचारा. आणि सांगा की सासऱ्याला त्याची लाज वाटते. हे मला तिच्या तोंडावर सांगता येईलसं वाटत नाही.

(यापुढचं अक्षर माझं. ह्यांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी फोडून वाचलं. पिन कापताना तो प्लग दोन्ही हातांनी मीच घट्ट धरला होता, हे विसरलेत वाटतं. तेव्हा तुम्ही मान वगैरे काही डोलवू नका. पोस्टात न टाकता पहिल्या बसने मीच घेऊन आले आहे. तुमच्या दुकानाच्या बाकावर बसून हे लिहिते आहे, तुम्ही समोर मोटार उघडून बसला आहात आणि मी कसला हिशोब करते आहे असं तुम्हाला वाटत असेल. ते ह्यांचं हसू फार मनावर घेऊ नका. बोलले मी होते. सूनबाई आत आहे असं तुम्ही आत्ताच म्हणालात. हा कागद तुमच्या हातात देऊन मी आत जाते. विहीणबाईंना तेवढं थोडा वेळ बाहेर बोलावून घ्या. मला तिला जे म्हणायचं आहे ते आयुष्यात कधी कुणाला म्हटलेलं नाही, आणि दोघींसमोर म्हणायचं मला जमणार नाही.)