बारा बाण आणि छत्तीसावं पीस

चिल्दिर, २८ नोव्हेंबर

चि. हुलुसी यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि अर्धं विसरतोस, म्हणून लिहिते. तुझं नशीब फळफळलं! तळ्याच्या गोठलेल्या काठावर यांना मेलेला राजहंस सापडला. त्याची चाळीस पिसं मी उशीच्या अभ्र्यात भरून ठेवली आहेत. दुधासारखी पांढरी. गेल्या वर्षी तुझ्या बाणांच्या कोंबडीच्या पिसांना हसणारे आता तोंडात बोटं घालतील. बर्फ हटून रस्ता मोकळा झाला की पार्सल टाकते. यांचं म्हणणं, आधी तुला विचारावं. भावाचं भलं करायला विचारायचं कशाला, असं मी म्हटलं.

मफलर घालत जा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी मेलाहतताई

बुर्सा, ५ डिसेंबर

ती. ताईस हुलुसीचा शि. सा. न., वि. वि.

ताई, तुझ्या पाया पडतो, ते पार्सल टाकू नकोस. रानपक्षी मेलेला सापडला तरी त्याचं पीस जवळ ठेवायला बंदी आहे. बाण पाहताना पंच पहिलं विचारतात, पीस कुठल्या पक्ष्याचं. राजहंस न् गरुड ही सुलतानांची चैन होती, आपल्याला ती तुरुंगात नेईल. भाओजींचं कधीतरी ऐकत जा.

आमचे तिरंदाजीचे नेजाती उस्ताद एक्याऐंशीचे झाले. येत्या वसंतात हिदिरेल्लेझच्या सणाला ते शेवटचं कुणाच्या तरी हाती धनुष्याची मूठ देणार, म्हणजे त्याला पक्का तिरंदाज ठरवणार, आणि त्याच्या कानात गुरूंकडून आलेला गुप्त शब्द सांगणार. तोवर मी नुसता बाण तासणारा सुतार. स्वतः केलेले बारा बाण आधी त्यांना दाखवायचे, एक जरी खोटा निघाला तर बाराही परत. मला झोप येत नाही गं, इतका आनंद झालाय आणि तितकीच भीती वाटते.

आता कामाचं. आपले घरचे हंस कापाल तेव्हा पंखांच्या टोकाकडची ताठ पिसं ठेव. एका बाणाला तीन, म्हणजे छत्तीस लागतील, आणि सगळी डाव्या पंखाची. डावी-उजवी एकत्र लावली की बाण हवेत बावचळतो. डाव्यांना लाल धागा बांध, उजव्यांना निळा.

सर्वांना सलाम. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा हुलुसी

चिल्दिर, २२ डिसेंबर

चि. हुलुसीस आशीर्वाद.

राजहंसाची पिसं मी वनखात्याच्या साहेबाला देऊन आले. माझा नवा अभ्राही पुरावा म्हणून ठेवून घेतला मेल्यानं.

काल हंस कापले. शेजारच्या सगळ्या जणी आल्या होत्या, हसून हसून पोट दुखलं. मी आणि सासूबाई समोरासमोर बसून पिसं काढत होतो. लाल डावं, निळं उजवं, अगदी तू सांगितलंस तस्सं. आता डोळे मिटून बाण कर.

आम्हाला मनात ठेव, मफलरही घाल.

मेलाहतताई

बुर्सा, ३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

डोळे मिटले असते तर मेलोच असतो. लाल जुडीत दोन्ही बाजूंची पिसं निघाली! तू तुझ्या डाव्या हाताचा पंख धरलास आणि समोर बसलेल्या सासूबाईंनी त्यांच्या डाव्या हाताचा. हंसाचं डावं कुठलं, हे त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

बाक पाहून सगळी निवडली. पिसं अशी सुरेख की हात फिरवतच बसावंसं वाटतं. पण डावी भरली पस्तीस. उजवी त्याहून कमी. अकरा बाण तयार आहेत, बारावा दोन पिसांवर अडलाय. बाजारातलं पीस वेगळ्या जाडीचं असतं, उस्तादांच्या अंगठ्याला लगेच कळेल. तुम्ही पुढच्या हिवाळ्याशिवाय हंस कापणार नाही, आणि तोवर उस्ताद थांबणार नाहीत. एका पिसापायी घोडं अडलं बघ.

सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस. लोभ तुझा, घोटाळाही तुझाच.

हुलुसी

चिल्दिर, १४ जानेवारी

चि. हुलुसीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. मग पोळी लाटताना हातातच सापडलं. पोळपाटावरचं पीठ झाडायला आई हंसाचा पंख वापरायची, आठवतो? ती गेल्यापासून तो मी वापरते. डावा की उजवा हे या वेळी नीट पाहिलं. आपल्या म्हाताऱ्या नर हंसाला बगलेत धरला आणि आईचा पंख त्याच्या अंगाला लावून बघितला. डावाच आहे. तो माझ्या दंडाला दोनदा चावला, निळं पडलंय.

त्यातलं सर्वांत ताठ पीस पाठवते. उपटताना रडू आलं, खोटं कशाला सांगू. चालेल ना रे?

मेलाहतताई

बुर्सा, ७ मे

ती. ताईस शि. सा. न., वि. वि.

ताई, मिळाली. मूठ मिळाली!

उस्तादांनी अकरा बाण बोटांत फिरवून बाजूला ठेवले. बाराव्यावर थांबले. हे पीस जुनं दिसतं, कुठून आणलं, असं त्यांनी विचारलं. राजहंसापासून तुझ्या निळ्या पडलेल्या दंडापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. पंच हसायला लागले. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी पिसाच्या मुळाशी अंगठा घासला, नाकाशी नेला, आणि पीठ आहे म्हणाले. हाच बाण पहिला सोड, असं सांगितलं. बाण पल्ल्याच्या खुणेचा दगड ओलांडून गेला गं.

कानातला शब्द कुणालाच सांगायचा नाही, तुलाही नाही. पण मूठ देण्याआधी उस्ताद आपल्या गुरूंची, त्यांच्या गुरूंची नावं मोठ्यानं घेतात. यंदा ती सगळी घेऊन झाल्यावर त्यांनी मला आईचं नाव विचारलं आणि भर मैदानात शेवटचं नाव घेतलं, हाजेर.

बाण पाठवतोय. पोळपाटाशेजारी टांग, आणि तिथे उभी राहून एकदा हाक मार तिला.

मफलर घातला होता.

तुझा हुलुसी