तिसगावची टेप

४ फेब्रु.
वाहिनीचा फोन. वर्धापनदिनाला 'ज्येष्ठांचा सत्कार'. अठ्ठावीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ कार्यक्रम-प्रमुख म्हणून. त्याची एक शाल आणि तीन मिनिटं. पलीकडची मुलगी: "मॅम, थोडं इमोशनल बोला." म्हटलं, रडवायला तुमच्या मालिका पुरेशा आहेत.

७ फेब्रु.
तिसगावहून सिंधू आली. पन्नाशीची, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. तिच्या आईचं, भागूबाईंचं, आम्ही चित्रीकरण केलं होतं. बाजरी कापता कापता अर्धा तास बोलल्या होत्या. मी स्वतः गेले होते. भागूबाई गेल्या वर्षी वारल्या. फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.
"माझ्या पोरींस्नी आजी ऐकवायची हाय. तुमी तिथं सायेब हुत्या ना बाई? मग गावंल की."
"मिळेल," म्हणाले. इतकं ठामपणे कशाला...

१२ फेब्रु.
वाहिनीच्या टेप-लायब्ररीत फोन. "ती पुसून परत वापरली, मॅडम. वर पाककृती स्पर्धा आहे." भडकले. माणसाचं बोलणं पुसून त्यावर ढोकळा? परवानगी कोणी दिली? नाव हवं, लेखी हवं. सत्काराला येत नाही, हेही ऐकवलं.

१५ फेब्रु.
लेखी आलं. जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो. 'तिसगाव, बाजरी, ३० मि.' पुढे हिरवी खूण. पानाखाली माझी सही.
हिरवी शाई फक्त मी वापरायचे. टेप कमी, चित्रीकरणं जास्त. दर सोमवारी यादी यायची. जे परत दाखवायचं नाही त्यावर खूण, म्हणजे ती टेप पुसायची. चहा संपायच्या आत पान हातावेगळं. त्या पानावर चाळीसेक नावं आहेत. खूण केलेली एकही आठवत नाही.
शाळेत सिस्टर बाकावर उभं करून चूक मोठ्याने सांगायला लावायच्या. सगळ्या वर्गासमोर.

१६ फेब्रु.
कपाटात तिसगावच्या चित्रीकरणाची वही सापडली. चित्रीकरण चालू असताना बोलणं उतरवून घ्यायची सवय होती. भागूबाईंचं बरंचसं आहे. शेजारी माझा शेरा: 'फार बोलते. कापावं.'

२१ फेब्रु.
तिसगाव. "टेप राहिली नाही," इतकंच सांगितलं आणि वही वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीला सिंधूने हात वर केला. "थांबा बाई. आई असं इस्त्री केल्यावानी न्हाई बोलायची." वही घेतली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"ह्या सायबीनबाईला म्हनावं, उन्हात हुबी ऱ्हाऊन काय बघतीस? इळा घे, चार वळी काप!"
पोरी खदखदून हसल्या. शेजारची म्हातारी दारातूनच, "भागी आली व्हय गं?"
पोरींनी तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं.
निघताना सिंधू: "पुसली कुनी वो? नाव कळलं का?"
"चौकशी चालू आहे," म्हणाले. पदावर असताना शंभरदा वापरलेलं वाक्य. जिभेवर तयारच होतं.
मंगळवारी भागूबाईंचं वर्षश्राद्ध. जेवायला बोलावलंय.

२३ फेब्रु.
'फार बोलते' खोडायला पेन उचललं. घरात आजही हिरवंच पेन. तसंच खाली ठेवलं.
संध्याकाळी सिंधूचा फोन. मंगळवारी सगळ्यांसमोर आईचं बोलणं ती करून दाखवणार, पण आधी टेपचं काय झालं ते मी सांगायचं.
"ओट्यावर हुबं ऱ्हाऊन सांगा बाई. समदी भावकी येनार हाय, मागच्यांस्नी बी ऐकू गेलं पायजे."
हो म्हणाले.