दोघांचे पत्रक परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,
प्रादेशिक अभिलेख व भांडार कार्यालय,
नवी राजधानी परिसर, रायपूर (छत्तीसगड)

विषय : मी भरलेले दुसरे मासिक आवश्यकता पत्रक रद्द करणे आणि माझ्या सेवापुस्तिकेतील एक नोंद दुसऱ्या कोणाकडून करवून घेणे.

संदर्भ : १) निवृत्तीपूर्व मार्गदर्शन शिबिर, दि. १० जानेवारी २०१४.
२) माझ्या पेन्शन प्रकरणावरील आक्षेप, दि. ३ मार्च २०१४ (संयुक्त छायाचित्र).

महोदय,

कार्यालयाचा व्यवहार हिंदीत चालतो हे मला ठाऊक आहे. याच कारणावरून मी इतरांचे अर्ज परत केलेले आहेत. हा अर्ज हिंदीत तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. आपण भंडाऱ्याकडचे, घरी मराठी बोलता, म्हणून हे धाडस करीत आहे. फाइलसाठी हिंदी सारांश लागल्यास मी स्वतः करून देईन.

१. मी स्थापना शाखेत सेवापुस्तिकांचे काम पाहतो आणि येत्या ३१ जुलै रोजी निवृत्त होत आहे. शिबिरात आम्हा सात जणांना एक पत्रक देण्यात आले. निवृत्तीनंतर दरमहा किती उत्पन्न लागेल ते रकान्यांनुसार काढायचे, पेन्शनशी ताडून पाहायचे, आणि कमी पडत असेल तर पैसे कुठे गुंतवायचे ते मार्गदर्शक सांगणार. मार्गदर्शक हुशार होते. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला तीसेक वर्षे असावीत. ते म्हणाले, आजच्या घरखर्चाचे सत्तर टक्के धरा, त्यात औषधपाणी आणि महागाई मिळवा, आणि नववा रकाना, 'निवृत्तीनंतरची स्वप्ने (दरमहा रुपये)', रिकामा सोडू नका.

२. पहिले पत्रक मी एका बैठकीत भरले. घरभाडे (चौबे कॉलोनी, दोन खोल्या) २,५००. डबा १,८००. पाव लिटर दूध ३००. वीज २८०. धोबी ३००. वर्तमानपत्र, मोबाइल, रक्तदाबाच्या गोळ्या व किरकोळ मिळून १,०००. एकूण ६,१८०. स्वप्ने : निरंक. माझे पेन्शन महागाई भत्त्यासह १५,४०० च्या आसपास बसते. बाकी सहाही जणांना पैसे कमी पडत होते. माझे ९,२२० उरत होते, आणि उरलेल्याचे काय करायचे याचा रकाना पत्रकात नाही.

३. हे पत्रक शाखेतील श्री. राकेश यांनी परत केले. ते अभनपुरहून बदलून येऊन तीनच महिने झाले आहेत. आक्षेप असा की, सेवापुस्तिकेत पत्नीचे नाव आहे, पण तिचा खर्च दाखवलेला नाही. आक्षेप बिनतोड होता. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिले असते. माझी पत्नी पूर्णिमा १४ डिसेंबर २०१२ रोजी वारली. म्हणजे उत्तर एका ओळीचे होते. ती ओळ मी लिहिली नाही. मी नवे कोरे पत्रक मागून घेतले आणि दोघांचे भरले.

४. या कामाला चार दिवस लागले. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आवडीने मी दुसरा कागद भरलेला नाही. दूध एक लिटर केले. डबा खोडून किराणा, गॅस, भाजी मांडली. तिच्या गुडघ्याचे औषध ७४० धरले. नवव्या रकान्यात 'गच्ची असलेले घर, भाड्यातील फरक १,५००' असे लिहिले, कारण सांडगे-कुरड्या वाळवायला गच्ची हवी असे ती दर उन्हाळ्यात म्हणे. एकूण १२,४३० झाले. श्री. राकेश म्हणाले, "हव काका, अब बिल्कुल सही है." पत्रक मंजूर झाले. शासकीय कागदावर खोटी माहिती देणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे याची मला कल्पना आहे, आणि ती तेव्हाही होती.

५. दोन पत्रकांतील फरक ६,२५० रुपये. त्यातून औषध आणि गच्ची वजा केली तरी ४,०१० राहतात. ही बाई चार हजार कशावर उडवत होती हे मला समजेना. स्वतःसाठी ती दिवाळीला एक साडी घेई, तीही दोनदा बदलून आणी. मग एकेक ओळ पाहत गेलो. गोंदियाहून येणारे पाहुणे, संक्रांतीचे वाण, पोळ्याचे पुरण, मुलगी नीलिमा माहेरी आली की रोजचे दोन जास्तीचे पदार्थ, दुपारी येऊन बसणाऱ्या शेजारणींचा चहा. आमच्या घरी येणारे माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी येत होते, हे मला या पत्रकामुळे कळले. आता कोणी येत नाही, म्हणून ६,१८० पुरतात. नीलिमा बिलासपूरला असते. तिला फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा ती नेहमीप्रमाणे हिंदीतच म्हणाली, "बाबा, इतने में कोई रहता है क्या?" मी राहतो, असे सांगितले. मला फार दुःख होते असेही नाही. जीभ पोळल्यावर चार दिवस चव कळत नाही, तसे काहीसे आहे, फक्त दिवस लांबले आहेत.

६. निवृत्तीचा हिशेब तिच्या हयातीतच व्हायला हवा होता, ही चूक माझी. पगार तिच्या हातात दिला की माझे काम संपत असे. एकदोनदा विषय काढला तर म्हणाली, "काहून आतापासून डोकं पिकवून राहिले? पेन्शन तं येऊ द्या." ते मला पटले होते.

७. दोघांचे पत्रक मंजूर झाल्यामुळे प्रकरण पुढे सरकले आणि ३ मार्चला पतिपत्नीच्या संयुक्त छायाचित्राच्या तीन प्रती मागण्यात आल्या. मी नीलिमाच्या लग्नाच्या वेळचे, २००३ सालचे छायाचित्र दिले. 'हालिया नहीं है', म्हणजे अलीकडचे नाही, असा शेरा येऊन ते परत आले. श्री. राकेश यांनी आपुलकीने सुचवले, "काका, काकी को किसी दिन ले आइए, नीचे ही खिंचवा देंगे." मी बरे म्हणालो. त्यानंतर त्यांनी दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी उन्हाचे कारण सांगितले. श्री. राकेश यांचा यात काडीचाही दोष नाही. शाखेतील जुन्या लोकांना सर्व माहीत आहे, ते तिला पोहोचवायला आले होते. पण कागदावर ते कुठेच नाही.

८. कागदावर का नाही, याचा खुलासा. कुटुंबातील मृत्यूचा दाखला महिन्याच्या आत आणून द्यावा, असे मी प्रत्येकाला बजावत आलो आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नियमाप्रमाणे कोणी स्वतःच्या पुस्तिकेत लिहायचे नसते. माझ्या पुस्तिकेत लेखापाल लिहितात, पण त्यांच्यापुढे पुस्तिका ठेवण्याचे काम माझे. तेव्हा कार्यालय नव्या राजधानीत हलत होते. दोनशे बारा पुस्तिका मी मोजून पेट्यांत भरल्या आणि इथे मोजून काढल्या. माझी त्यांत होती. त्यानंतर चौदा महिन्यांत मी इतरांच्या चार मृत्यूंच्या नोंदी केल्या आणि कुठेही हात अडखळला नाही. माझी पुस्तिका मात्र लेखापालांच्या टेबलावर गेली नाही. ती रोज काढतो, कुटुंबाचे पान उघडतो, आणि परत ठेवतो. त्या पानावर अजून आम्हा दोघांची नावे आहेत.

सबब विनंती अशी की :

(अ) दुसरे पत्रक रद्द समजून मला परत द्यावे व पहिले, ६,१८० चे, ग्राह्य धरावे. नववा रकाना निरंकच राहील. खोट्या माहितीबद्दल जी कारवाई ठरेल ती निवृत्तीपूर्वीच करावी, म्हणजे प्रकरण लोंबकळत राहणार नाही.

(ब) माझी सेवापुस्तिका आणि मृत्यूचा दाखला या अर्जासोबत आपल्याकडेच देत आहे. आपण ती परस्पर लेखापालांकडे पाठवून नोंद करवावी. ती माझ्या टेबलावरून जाऊ नये.

(क) श्री. राकेश यांना हे आपण सांगावे. मला ते जमलेले नाही.

(ड) कुटुंबाच्या पानावर नोंद झाली की कर्मचाऱ्याच्या सहीसाठी आपल्याकडे 'देखा, स्वीकार है' असा शिक्का मारतात. सही मी करीन. पाहिले हे खरे आहे, मी शेवटपर्यंत तिच्या उशाशीच होतो. शिक्क्यातील पुढचे दोन शब्द खोडून सही करण्याची परवानगी मिळावी.

आपल्याच स्थापना शाखेतील,

(शरच्चंद्र वामन पिंपळापुरे)
सहायक, सेवापुस्तिका टेबल
रायपूर, दि. ११ मार्च २०१४