शेवंतीचा अभ्यासक्रम

२ जानेवारी १९९४, रविवार

शेवंती आली. ट्रकमधून उतरवताना ड्रायव्हरच्या पायावर खूर पडला आणि माझ्या शर्टाची बाही गेली. बाकी सर्व शांततेत.

ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची घोडी. तिला टांग्याला जुंपून आबा दर आठवड्याला औशाच्या बाजाराला जायचे. सप्टेंबरमधल्या भूकंपाच्या पहाटे घर पडलं तेव्हा आबा आत होते. आई अंगणात झोपलेली, घोडी बाहेर बांधलेली. दोघी राहिल्या. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. ही रोजनिशी पुढच्या गोष्टींसाठी आहे.

तेव्हापासून घोडीला काम नाही. किल्लारीजवळच्या आमच्या गावात, भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडपाशी नुसती उभी. ताट पडलं तरी थरथरते. गावातले म्हणाले, विकून टाक. मी म्हणालो, लातूरला नेतो. मी दहावीच्या गणिताचे क्लासेस चालवतो. अपूर्णांक म्हटलं की घाम फुटणारी पोरं मी फर्स्ट क्लासला नेलीत. भीती म्हणजे काय? सरावाचा अभाव.

संकल्प: महिनाअखेर घोडी टांग्याला. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की क्लासमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याची आबांच्या टांग्यातून गंजगोलाईच्या बाजारपेठेत फेरी. लगाम माझ्या हातात. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघालेत. टांगा कोणाकडेच नाही.

आईसुद्धा आली आहे. छपराखाली झोपत नाही. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर कडुलिंबाखाली, घोडीशेजारी तिची बाज टाकली. तिलाही याच टाइमटेबलमध्ये बसवणार.

५ जानेवारी

युनिट एक: खरारा. मानेपर्यंत व्यवस्थित. पाठीवर हात गेला आणि शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली. घोडी दोन पायांवर. मी कंपाउंडच्या भिंतीवर. उंचीवरून निरीक्षण चांगलं होतं.

कुकर हा विषय अभ्यासक्रमात घ्यावा लागेल.

११ जानेवारी

युनिट दोन: लांब लगाम धरून मागे चालणे. टांगा नाही, नुसती घोडी. कंट्रोल पूर्ण वेळ माझ्याकडे होता. दिशा आणि वेग तेवढा तिचा. दोन्ही कोपरं सोलवटली. पीठगिरणीवाल्याची माफी मागितली.

संध्याकाळच्या बॅचला गणितं उभ्यानेच घेतली. क्लास पहिल्या मजल्यावर आहे. फळा मी दिवाळीपासून दाराजवळ आणून टांगलाय. शिल्पा म्हणाली, मागच्या बाकावरच्या पोरांना दिसत नाही, तुम्ही सारखे उंबऱ्यात का उभे राहता? बायकोला व्हेंटिलेशन हा विषय समजावून सांगणं अवघड.

२६ जानेवारी

सकाळी शाळेचं बँडपथक गल्लीतून गेलं. ढोल वाजला आणि घोडीने खुंटा उपटला. मी "होऽ होऽ" ओरडत होतो. जितकं ओरडलो तितकी ती जास्त उसळली. डोळे पांढरे, तोंडाला फेस. एक क्षण वाटलं, तारांच्या कुंपणावर जाते आता. पोट फाडून घेते.

आई बाजेवरून उठली. पळाली नाही, ओरडली नाही. घोडीच्या बाजूला जाऊन, पाठ करून नुसती उभी राहिली. बँड लांब जाईपर्यंत तशीच. घोडीने मान खाली आणली आणि आईच्या खांद्यावर टेकवली.

मी म्हणालो, आई, अशाने ती तुझ्यावर अवलंबून राहील. आई म्हणाली, मग राहू दे की. तू का वरडायलास? तिला वाटायलंय, हणमंताला काय तर दिसलंय.

आई लाड करते. अभ्यासाच्या दृष्टीने घातक.

८ फेब्रुवारी

क्लास चालू असताना धक्का. छोटा. नेहमीचाच. खिडकीची काच वाजली इतकंच.

मी लगेच घोडीकडे गेलो. तिला अशा वेळी एकटं ठेवणं बरोबर नाही. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. हातात खडू होता, एक चप्पल वरच राहिली. प्लॉटवर पोचलो तर शेवंती कडबा खात होती. आई म्हणाली, काय रे? म्हणालो, घोडी बघायला आलो. आईने माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणाली, बस जरा.

बसायला वेळ नव्हता. परत गेलो तर पोरं जागच्या जागी बसलेली. भार्गवी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिने फळ्यावरचं गणित पूर्ण केलं होतं. उत्तर बरोबर. कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता आलं असतं.

१३ मार्च

दहावीच्या परीक्षा सुरू, क्लासला उसंत. आज टांगा जोडला. डोळ्यांना झापडं, नवे पट्टे. मी लगाम घेतला आणि तिच्या अंगावर काटा सरसरत गेला, मानेपासून शेपटीपर्यंत. पाऊल टाकेना. फुरफुरू लागली. मागे सरत सरत टांगा भिंतीवर घासला.

आई पुढे चढून बसली, माझ्या हातातून लगाम घेतला. चल माय, म्हणाली. चालली! कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, आल्या.

निष्कर्ष: माझ्या महिनोन्‌महिन्यांच्या तयारीचा परिणाम दिसू लागला आहे. आता फक्त ड्रायव्हर बदलायचा.

११ एप्रिल, पाडवा

आजच्या मुहूर्तावर मी स्वतः टांगा औसा रोडला नेणार होतो. वारा होता. घोडीला वारा चालत नाही. पुढे ढकललं.

दुपारी शिल्पाने सांगितलं की आई गेले पंधरा-वीस दिवस रोज सकाळी टांगा घेऊन भाजीबाजारात जाते. गल्लीतल्या बायका सोबत बसून जातात. मी त्या वेळी पुढच्या वर्षीच्या पोरांच्या सकाळच्या बॅचला असतो. आईला विचारलं. हाव, म्हणाली. तिला काम पायजे होतं, मलाबी पायजे होतं.

परवानगीशिवाय घेतलेली परीक्षा मी ग्राह्य धरत नाही. घोडी अजून तयार नाही, असंच माझं मत आहे.

२ मे

आई काल घरात झोपली. शिल्पाने विचारलं तर म्हणाली, उकाडा कमी वाटला. मी म्हणालो, बघ, टाइमटेबल! माझी गादी मात्र ओसरीवरच बरी. तिथे हवा येते.

१८ जून, शनिवार

भार्गवी मेरिटमध्ये! क्लासच्या दारात पेढे, हार, फोटोग्राफर. उद्या संध्याकाळी मिरवणूक. बॅनरवर माझं नाव भार्गवीच्या नावापेक्षा थोडं मोठं झालंय, पेंटरची चूक. राहू दिलं.

आई म्हणाली, मी बसते पुढं, तू पोरीजवळ मागं बस. म्हणालो, आई, लोक काय म्हणतील? सरांची आई टांगा हाकते? तू उद्या घरीच थांब, घोडीचं लक्ष विचलित होतं. आई म्हणाली, हणमंता, ती तुला भीत न्हाई रे. तू भ्यालेला असतोस ते तिला कळतं.

आईचं शिक्षण चौथी. आबांच्या जाण्याने हळवी झाली आहे.

शिल्पा विचारते, पट्टे तिसऱ्यांदा का तपासताय? पेपरही मी तीनदाच तपासतो.

२० जून, सोमवार

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

निघालो तेव्हा सगळं उत्तम. भार्गवी फेटा बांधून मागे बसलेली. तिचे वडील भीमाशंकरराव, क्लासची पोरं, शिल्पा असे सगळे मागून चालत. माझ्या हातात लगाम असूनही शेवंती सरळ चालली. हनुमान चौक गेला. मनात म्हणालो, पास.

गंजगोलाईला हलगी सुरू झाली. फटाक्यांची माळ लागली. तिचे कान मागे गेले, अंग ताठ झालं. पण उभी राहिली. खरंच उभी राहिली. हे मी मुद्दाम लिहितोय.

मग माझ्या पायाखालची फळी थरथरली. आधी तळव्यांना कळलं. दुकानाच्या पाट्या हलताना दिसल्या. आता म्हणतात की शेजारून भरलेला ट्रॅक्टर गेला. असेल.

मी उडी मारली. ओरडलो, हलतंय, पळा.

लातुरातली माणसं, आणि वर्षसुद्धा झालेलं नाही. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हलगी रस्त्यावर पडली. लोक दुकानांतून बाहेर, एकमेकांच्या अंगावर. एक म्हातारी पडली, तुडवली जाता जाता वाचली. शेवंती चौखूर उधळली. टांगा एका चाकावर कलला, फेटा रस्त्यात पडला. भार्गवीची किंकाळी ऐकू आली आणि टांगा गर्दीपलीकडे दिसेनासा झाला.

मी टांग्याच्या मागे धावलो असं मला आठवतं. शिल्पा म्हणते, तुम्ही चौकाच्या मधोमध डोक्यावर हात धरून बसला होता. आबा, आबा म्हणत होता. तिची गडबडीत पाहण्यात चूक झाली असेल.

शिल्पाने मला रिक्षात घातलं. प्रत्येक वळणावर मी मोडका टांगा शोधत होतो. पडलेली घोडी. पोरगी.

प्लॉटवर टांगा उभा होता. एक दांडी चिरलेली. भार्गवी आईच्या बाजेवर पाणी पीत होती, कोपर खरचटलेलं. म्हणाली, सर, लगाम तर खाली लोंबत होता, मी नुसतं घट्ट धरून बसले. भाजीबाजाराचा रस्ता लागला तशी ती आपणच हळू झाली. रोजच्या वाटेनं आली.

आईने आधी घोडीचा घाम पुसला, मग मला पाणी दिलं.

२५ जून

भीमाशंकरराव आले. मी तयारीत होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, सर, माझी बहीण किल्लारीत गेली. तुम्ही वरडलात आन्‌ मीबी पळालो. पोरगी टांग्यात हाय हे इसरून पळालो. सहा दिस झाले, तिच्याकडं बघवंना गेलंय.

मी म्हणालो, घोडीचं ट्रेनिंग अर्धवट होतं, त्याबद्दल दिलगीर आहे.

ते पेढ्याचा पुडा ठेवून गेले.

२८ जून

नव्या बॅचची नोंदणी कमी. क्लास खाली हलवायचा विचार आहे. पत्र्याची शेड, दोन्ही बाजू उघड्या. खर्च वाचेल.

३ जुलै, रविवार

आई गावी निघाली. म्हणते, घोडी चांगली चालायली, मीबी चांगली हाय, शेत पडून राहिलंय. गावच्या शेडमधून बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या बायकांना टांगा लागतो. पहिला मुक्काम औशाला मावशीकडे, पुढे दुसऱ्या दिवशी गाव.

आई म्हणाली, तूबी चल. घर होतं तिथं एकदा येऊन जा. तू आबाला अग्नी दिलास आन्‌ तसाच निघालास, परत आलाच न्हाईस. शिल्पाने माझी पिशवी भरून ठेवली होती.

बसलो. मागे. लगाम आईकडे. शेवंतीची चाल इतकी शांत, की मला झोप येईल असं वाटलं. शहरातली शेवटची घरं गेली. औसा रोड लागला. उसाचे फड, दूरवर सरळ रस्ता. मी म्हणालो, आई, थांब. उद्या टेस्ट आहे, पेपर काढायचे राहिलेत. आईने टांगा थांबवला. वळून बघितलं नाही. म्हणाली, उतर सावकाश.

उतरलो. टांगा दुडक्या चालीने गेला. बघत उभा राहिलो. घोडी कशालाच बिचकली नाही.

पिशवी टांग्यातच राहिली.

मागून एक जीप आली, कचकन थांबली. किल्लारी, किल्लारी, बसा साहेब, एकच सीट हाय, ड्रायव्हर ओरडला. म्हणालो, नाही, मी इथलाच.