साठ सूट, दोन इंच कमी

सोम. ७ एप्रिल
कारखान्यात नवी ऑर्डर. विजेच्या खांबावर चढणाऱ्या मुलींसाठी साठ सूट, शर्ट-पँट एकत्र जोडलेले. कंत्राटदाराच्या मापाच्या चार्टवर लिहिलंय 'लेडीज'. आत आकडे गेल्या वर्षी पुरुषांसाठी कापले तेच, फक्त दोन इंच कमी. छाती, सीट, मनगट, सरसकट! मालकांना, म्हणजे आप्पांना, दाखवलं. "सुनंदाबाई, बावीस वर्षं कापताय. कापा की." बावीस वर्षं कापतेय म्हणूनच सांगतेय ना!

मंगळ. ८
नमुना घालून बघायला मोहोळहून रेणुका आली. तिथल्या लाइनवर काम करते. पंचविशीची, फटकळ. खांदे दंडावर लोंबतायत, सीट मात्र आवळलेली. शिडीवर पाय टाकायला लावला तर मांडीपाशी शिवण टर्रकन. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"हे नवं न्हाय ताई. आत्ताचा सूट बी असाच."
लघवीला जायचं तर खांद्यापासून सगळा उतरवायचा. "रानात कुटं उतरवू? म्हणून सकाळपास्नं पाणीच पीत न्हाय. परवा शिडीवरच अंधारी आली. पट्टा होता म्हणून..."

बुध. ९
आप्पांशी वाद. म्हणे, "बायकांची वेगळी मापं कुठायत आपल्याकडं?" कुठून असणार? कुणी घेतलीच नाहीत. "अहो, तो सगळ्यांचा मिळून चार्ट आहे." सगळे म्हणजे कोण हो आप्पा? डोकं उठलं.

शुक्र. ११
रजा टाकून टेप घेऊन मोहोळला. रेणुकानं अकरा जणी गोळा केल्या. गुडघा वर घेऊन मांडीचा घेर मोजला. चार्टात त्याला रकानाच नाही. एकजण म्हणाली, "चार वर्सं झाली, माप घ्यायला तुमीच पयल्या."

मंगळ. १५
नवा फर्मा, म्हणजे कापायचा कागदी साचा, काढला आणि त्यावरून नमुना शिवला. मागं कमरेला आडवी चेन, म्हणजे वरचं काही उतरवायला नको. रेणुकानं घातला, उकिडवी बसली, स्टुलावर चढली, उतरली, परत चढली. काढायलाच तयार नाही. "ताई, ह्योच नेऊ का?" नमुना आहे बाई, कसा देऊ.

बुध. १६
कंत्राटदाराचा फोन, आप्पांनी स्पीकरवर टाकला. "साठ बायकांसाठी वेगळा फर्मा कशाला? ढगळ झालं तर बेल्ट लावतील." आप्पा माझ्याकडं बघत होते. तोंडातून निघून गेलं, "जुन्या चार्टावर मी कात्री चालवणार नाही. दुसरा कटिंग मास्टर बघा." हे ठरवून गेले नव्हते. घरात माझ्या पगारावरच भिस्त.
आप्पा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. दोन्ही फर्मे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, "उद्या लवकर या" एवढंच म्हणाले.
कापड अंथरून झालंय. खडूची रेघ अजून नाही; कुठल्या फर्म्याची मारायची, ते उद्या.