ड्रेस्डेनच्या घुमटाखालची कॉफी

क्लेमेंटी, सिंगापूर
६ मे २००६

प्रिय शिरीष यास शैलेंद्रचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनाही नमस्कार सांग. (त्यांनी पाठवलेलं मेतकूट चार दिवसांत संपलं.) आम्ही उभयता ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीने. अब्रूचं पुढे लिहितो.

इथल्या मराठी मंडळींनी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत माझं भाषण ठेवलं होतं. विषय, ‘मी पाहिलेली जर्मन शहरं’. हा उद्योग संजीवनीचा. यांनी सगळी जर्मनी पालथी घातली आहे, असं आमची ही पंचवीस वर्षं लोकांना सांगत आली आहे. खरं काय ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक? आपण बोटीवरून अकरा वेळा हॅम्बुर्गला गेलो आणि अकराही वेळा इंजिनरूममध्ये जनरेटर उघडून बसलो. मी जे काही पाहिलं ते कंट्रोलरूममध्ये टांगलेल्या, वंगणतेलवाल्याने दिलेल्या एकोणऐंशीच्या कॅलेंडरावर. महिन्याला एक शहर.

भाषण झकास सुरू झालं. कोलोनचं कॅथीड्रल पुरं व्हायला सहाशे बत्तीस वर्षं लागली हे ऐकून, आमच्या ब्लॉकची लिफ्ट दुरुस्त व्हायची वाट पाहणारे लोक मनापासून हसले. मग मी झुरिचला बर्फ पाडला (जानेवारी) आणि व्हिएन्नात लायलॅक फुलवले (मे). ही दोन्ही शहरं जर्मनीत नाहीत हे कोणीतरी सांगितलं, ते मी जर्मन भाषेच्या खात्यावर टाकून दिलं. झुरिचला उन्हाळ्यात काय करतात, असं विचारल्यावर मात्र पंचाईत झाली, कारण माझ्या झुरिचला उन्हाळाच नाही. आणि ज्या एका गावी मी खरोखर गेलो ते हॅम्बुर्ग कॅलेंडरावर नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही.

शेवटी नोव्हेंबर आला. ड्रेस्डेन, तिथल्या चर्चचा भला थोरला दगडी घुमट आणि त्याच्या सावलीत मी एकोणऐंशी साली प्यायलेली कॉफी. (संजीवनीला बघायला गेलो तेव्हा ही कॉफी मी पहिल्यांदा प्यायलो. होकार त्या कॉफीलाच दिला, असं ती आजही सांगते.) पहिल्या रांगेत सरोजिनीबाई होत्या, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे दहा वर्षं फ्रँकफुर्टला राहिलेल्या. त्यांनी अगदी मृदू आवाजात विचारलं की तो घुमट तर युद्धात, पंचेचाळीस सालीच कोसळला, पुढे कित्येक वर्षं तिथे दगडांचा ढीग होता आणि चर्च नव्याने उघडलं ते गेल्या वर्षी, मग मी नक्की कशाखाली बसलो होतो? कॅलेंडरवाल्याने जुनं चित्र छापलं होतं, हे मला सत्तावीस वर्षांनी कळलं.

तेवढ्यात संजीवनी उठली आणि शांतपणे म्हणाली, “हे इंजिनीअर आहेत. ढीग दिसला तरी यांना पुरी इमारतच दिसते.”

टाळ्या पडल्या. नंतर चहाबरोबर सेरंगून रोडच्या भारतीय दुकानातून आणलेली बाकरवडी होती, ती मी तशीच बशीत ठेवली. इतका विश्वास टाकणाऱ्या बाईला मी आयुष्यभर थापा मारल्या, याचं मला खरोखर वाईट वाटतं रे.

तुझा,
शैलेंद्र

ता. क. लग्नाच्या पंचविशीनिमित्त संजीवनीने सप्टेंबरची तिकडची तिकिटं काढली आहेत. मी कुठे बसून कॉफी प्यायलो ती जागा तिला बघायची आहे. तेव्हा तिचा फोन आलाच, तर तूही माझ्याबरोबर होतास असं सांग. आणि नोव्हेंबरात बोट सोडताना ते कॅलेंडर तू घेऊन गेलास (डिसेंबरचं पान मी पाहिलंसुद्धा नाही), ते घरात असेल तर आजच्या आज जाळ.

ता. ता. क. शिरीषभावजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी. जाळायला तुमच्याकडे काही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा ते कॅलेंडर मला देऊन गेला होतात. माझ्या शालूच्या घडीत आहे. हे बोटीवर गेले की त्या त्या महिन्याचं पान काढून बसत असे. डिसेंबरला साल्झबुर्ग आहे. ते यांना माहीतच नाही, म्हणून तिकिटं तिथपर्यंतची काढली आहेत. या वेळी मी दाखवीन. यांना सांगू नका. – संजीवनी