झाकलेल्या केंद्रांची सहाशे चित्रे

दि. ४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आज मात्र दात-ओठ खाऊन.

तुझे पत्र पोचले. दीर्घिकांच्या चित्रांवर मी केलेल्या खुणा तुमच्या शोधनिबंधातून गाळल्या आणि कारण काय, तर मामा खगोलशास्त्रज्ञ नाहीत! तुझ्या वेधशाळेतल्या सरांना हा शोध आत्ता लागला? चित्रे पाठवलीत तेव्हाही मी संस्कृतचा निवृत्त मास्तरच होतो.

तूच लिहिले होतेस, की दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की वायू मध्याकडे ओघळतो, तिथल्या कृष्णविवराला चारा मिळतो आणि केंद्र भडकून उठते, असे म्हणतात. ते खरे का, हे तपासायचे आहे. म्हणून तीनशे चित्रे भडकलेल्या केंद्रांची, तीनशे शांत. आणि कोणते कुठले ते मला कळू नये म्हणून प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका. मी फक्त टकरीच्या खुणा शोधायच्या: ओढली गेलेली शेपटी, विस्कटलेली कड. पाच आठवडे भिंग घेऊन बसलो. तुझी मामी म्हणाली, माझ्याकडे इतके निरखून तीस वर्षांत पाहिले नाहीत.

तू आता ठिपक्यांखालचे उघड करून कळवलेस, की भडकलेल्यांत मला टकरी दिसल्या बासष्ट, शांतांत चोपन्न. तुला आणि तुझ्या सरांना एकशे एक्केचाळीस आणि अठ्ठेचाळीस! तुमच्या चित्रांवर ठिपका होता का? तेवढेच कळव. गोडगोड लिहू नकोस.

लोभ आहे, पण तूर्त तो कुलपात.
मामा

दि. १२ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

ठिपका नव्हता. सर म्हणाले, अनुभवी डोळ्याला तो लागत नाही. मी होकाराची मान हलवली. तुमचे काय जाते रागवायला? माझी नेमणूक जूनमध्ये संपते. हा निबंध छापला तरच ती वाढेल. आणि तुमच्या भिंगाला दिसली नाही म्हणून शेपटी नव्हतीच, असे थोडेच आहे? तुम्हाला मोतीबिंदू आहे, हे मामीने मला कळवले आहे. तुम्ही लपवलेत.

मामीस नमस्कार. तुम्हालाही, नाइलाजाने.
ठकू

दि. १९ मार्च

चि. ठकूस, अ. आ.

मोतीबिंदू कबूल. पण बाई, तो दोन्ही तीनशेंना सारखाच! माझ्या अधू नजरेतून टकरी सुटल्या असतील, तर दोन्हीकडच्या सुटल्या. तुमची धडधाकट नजर भडकलेल्यांकडेच एवढी उदार कशी?

चाळीस वर्षे मी जुन्या पोथ्या ताडून पाहिल्या. पुढे काय यायला हवे हे आधीच ठाऊक असले, की माणूस समोरचे वाचत नाही, मनातले वाचतो. तुझ्या वयाचा असताना एका पुसट पानावर मला गुरुजींना हवा होता तोच पाठ दिसला. अगदी स्वच्छ दिसला. तसाच छापला. पुढे दुसरी प्रत मिळाली. तिथे भलतेच होते. गुरुजींना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. ते गेले, आणि पोरे अजून तेच चुकीचे पाठ करताहेत. मी चिडलोय तो एकट्या तुझ्यावर नाही.

उत्तर रागाचे असले तरी चालेल, पण धाड.
मामा

दि. २ एप्रिल

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

चार दिवस तुमच्यावर धुमसले. मग सगळ्या चित्रांवर ठिपके लावले, पत्त्यांसारखी पिसली आणि पुन्हा पाहिली. एकाहत्तर आणि एक्कावन्न. टकरीने केंद्र भडकत असेलही, पण आम्ही छातीठोकपणे सांगत होतो तितके खासच नाही. ज्या शेपट्यांची मी शपथ घेतली असती, त्यातल्या कित्येक सापडेनात.

सरांनी आकडे पाहिले, कागद परत केला आणि निबंध उद्याच जातोय म्हणाले. मी त्यावरचे माझे नाव काढून घेतले. लेखी, तुमचे आणि माझे नवे आकडे जोडून. त्यांनी महिनाअखेर वेधशाळेतली खोली सोडायला सांगितली आहे.

तुमचा राग अजून आहे. सरांचा आहे. सगळ्यांत जास्त माझ्या हललेल्या मानेचा आहे.

महिनाअखेरीस सामान घेऊन तुमच्याकडे येते. दारात शाबासकी देऊ नका. मला रडू येईल, आणि मला अजून बरेच दिवस चिडायचे आहे.

तुमचीच,
ठकू